मदत हवी आहे – दलित ईश्वरविज्ञान आणि ख्रिस्ती समाजाच्या प्रश्नांवर मराठीत काय वाचावं?

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीच्या तरुण संघात दर रविवारी उपासनेनंतर चर्चा असते आणि सध्या विषय चाललाय जात आणि चर्च. मुलं कॉलेजात जाणारी आहेत, थेट विचारतात की 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीत फक्त हिंदू धरले, मग 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, तर आपण दलित ख्रिस्ती अजून बाहेर का? आणि मग लगेच दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, की लग्न जुळवताना आपल्यातच अजून मूळ जात का विचारतात, त्याबद्दल उपदेशात कोणी का बोलत नाही?

ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचे (थिऑलॉजीचे) अभ्यासक अरविंद निर्मळ यांनी 1981 मध्ये बंगळूरला शूद्र ईश्वरविज्ञानाचा विषय मांडला, पुढे त्यातूनच दलित ईश्वरविज्ञान, म्हणजे दलितांच्या अनुभवातून देव आणि बायबल समजून घेणारा विचार, उभं राहिलं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायातला तो भटका अरामी पूर्वज घेऊन ते आपल्या लोकांचा इतिहास सांगतात, हे ऐकून मुलं एकदम सरसावून बसली. पण जे मिळतंय ते बहुतेक इंग्रजीत, तेही जड.

तर मराठीत, सोप्या भाषेत या विषयावर नियमित कोण लिहितंय? पाळक असोत, कॅथलिक फादर असोत, बाहेरचे अभ्यासक असोत, चालेल. फक्त नुसता भक्तिपर मजकूर नको, तो आमच्याकडे भरपूर आहे. बायकांनी लिहिलेलं असेल तर आधी ते सांगा प्लीज.