शेल रिकामं अर्ग्युमेंट गिळत नाही, कोट तुम्ही विसरता

गोदाकाठ (नांदेड):
कालच्या धाग्यात एकानं ठोकून दिलं, ‘बॅश रिकामी अर्ग्युमेंटं गुपचूप खातो, हा बगच आहे, असल्या भाषेत काम करूच नये.’ वाचून डोकं फिरलं. (नवख्यांसाठी: बॅश हा शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम; अर्ग्युमेंट म्हणजे आज्ञेपुढं दिलेला शब्द.) अरे बाबा, व्हेरिएबल (किंमत ठेवायचं नाव) डबल कोटात घातलं तर रिकामी स्ट्रिंगसुद्धा (एकही अक्षर नसलेला मजकूर) अर्ग्युमेंट म्हणून शाबूत पोचते. उघडं, म्हणजे बिनकोटाचं, ठेवलं तर तिथं काहीच उरत नाही, म्हणून गळतं. १९७९ च्या बोर्न शेलपासून, म्हणजे बॅशच्या पूर्वजापासून, हेच चालत आलंय. चौकोनी कंसात, म्हणजे शेलच्या ‘टेस्ट’ या तपासणीत, डॅश-एन (‘पुढचं रिकामं नाही ना?’) आणि पुढं उघडं रिकामं व्हेरिएबल लिहून बघा. टेस्टला ‘डॅश-एन’ हा एकच शब्द दिसतो, तो रिकामा नाही, म्हणून उत्तर ‘खरं’. यात शेलचा दोष काहून?

परभणीकर:
जुना नियम आहे म्हणून चांगला झाला का? सीडी या फोल्डर बदलायच्या आज्ञेपुढं उघडं रिकामं व्हेरिएबल आलं तर सीडी गुमान होम डिरेक्टरीत (आपल्या मुख्य फोल्डरात) जातं आणि पुढची आरएम, फायली पुसणारी आज्ञा, तिथं फिरते. २०१५ साली स्टीम या गेमच्या ॲपच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टनं (आज्ञांच्या फायलीनं) लोकांच्या फायली उडवल्या. तिथं तर व्हेरिएबल कोटात होतं! ते रिकामं निघालं, उरले स्लॅश आणि स्टार, म्हणजे डिस्कवरचं सगळंच. कोट-कोट काय लावलंय?

टर्मिनलवाली (लातूर):
तुम्ही दोघं फायलींवर भांडताय. आमच्याकडं शिष्यवृत्तीची पत्रं काढायची स्क्रिप्ट होती: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एका पोरीचा मधला रकाना रिकामा, आईनं एकटीनं वाढवलेली. तो रकाना गळाला, आडनाव सरकून वडिलांच्या जागी बसलं आणि पत्र तसंच घरी गेलं. ती माय पत्र घेऊन आली, ‘हे कोण माणूस?’ म्हणून विचारू लागली.

परभणीकर:
मुळात वडिलांचा रकाना सक्तीचा कशाला? १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदपत्रांवर राज्यानं आईचं नाव लावायला सांगितलंय. तुमचे फॉर्म अजून जुनेच.

गोदाकाठ:
विषय शेलचा आहे. फॉर्मचा वेगळा धागा काढा.

टर्मिनलवाली:
विषय हाच आहे, दादा! रकाना रिकामा असू शकतो हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि आईचं नाव वाढलं की चार रकाने होतील, त्यातला कुठलाही रिकामा असेल. मग काय करणार?

परभणीकर:
स्क्रिप्टमध्ये सेट डॅश-यू हा पर्याय लावा, संपलं.

गोदाकाठ:
नाही संपत. डॅश-यू फक्त न दिलेलं व्हेरिएबल पकडतं, रिकामं सोडून देतं. महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावापुढं कोलन-प्रश्नचिन्ह लावलं तर दोन्हीला स्क्रिप्ट तिथंच थांबते. स्टीमच्या जागी तेच हवं होतं, एवढं तुमचं मान्य. कोट पुरत नव्हते. पण ताईंच्या यादीत थांबून चालणार नाही, तिथं रिकामं नाव रिकामंच पुढं जायला पाहिजे. म्हणजे कोटच. डॉलर-ॲट, म्हणजे स्क्रिप्टला मिळालेली सगळी अर्ग्युमेंटं, पुढं पाठवतानाही कोटातच.

परभणीकर:
झेडशेल हा दुसरा शेल उघडं व्हेरिएबल बॅशसारखं मोकळ्या जागेवर शब्दांत तोडत नाही, पण रिकामं असलं तर तेही गाळतं. नवा शेल काढूनही ही खोड ठेवली. कोट तुमचे बरोबर, पण खोड ती खोडच. हे मी सोडणार नाही.

टर्मिनलवाली:
मग आज दोघांनी आपापल्या जुन्या स्क्रिप्ट उघडून मधला रकाना रिकामा ठेवून चालवा. काय छापून येतं ते इथं टाका.