'शीट'ला मराठीत काय म्हणावं?

अर्धाखलाशी: गुंडाळी जेनोआ (पुढच्या तारेभोवती गुंडाळता येणारं शीड) असलेल्या बोटीवर क्रूझिंग स्पिनेकर (पुढे फुगणारं मोठं, हलकं शीड) कसं चढवायचं, या टिपणाचं मराठी करतोय. 'शीट सगळ्याच्या बाहेरून न्या' असं लिहिलं, तर मित्र विचारतो, अख्खं शीड बाहेरून कसं न्यायचं? त्याला सांगितलं, शीट म्हणजे शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याची दोरी, आवळायची-सोडायची. पण नुसतं 'दोरी' लिहावं तर हॅलियर्ड, म्हणजे शीड वर चढवायची, तीही दोरीच. काय करू?

दोरखंड: 'दामण' लिहा. आजोबांच्या तोंडी हाच शब्द होता.

पागोळी: ती दावण हो! गुरं बांधायची.

दोरखंड: दावण वेगळी, दामण वेगळी. आजोबांकडे गुरं नव्हती, होडी होती.

शब्दवेडा: मित्राला हसू नका. जुन्या इंग्रजीत 'शीट' हा शब्द शिडाच्या खालच्या कोपऱ्यालाच होता, दोरीवर नंतर सरकला. हॅलियर्डचीही तीच तऱ्हा. मूळ शब्द 'हॅलियर', म्हणजे ओढणारा. यार्ड, म्हणजे शिडाचा आडवा दांडा, त्याला मागाहून चिकटलं.

पागोळी: मग 'कोनरज्जू' का नको? आपले शब्द असताना उसनवारी कशाला?

दोरखंड: भर वाऱ्यात 'कोनरज्जू शिथिल करा' म्हणेपर्यंत शीड पाण्यात!

शब्दवेडा: आणि स्पिनेकर? १८६६च्या सुमारास रूढ झालेला शब्द. 'स्फिंक्स' नावाच्या यॉटवरून आला म्हणतात, मला ती कथा जरा जास्तच गोड वाटते. मराठीत 'फुगाशीड' छान.

वल्हं: शब्द राहू द्या, आधी वाक्य नीट करा. 'सगळ्याच्या बाहेरून' म्हणजे कशाच्या? डोलकाठीच्या ताणतारा आणि कठड्याच्या तारा यांच्या बाहेरून, मागच्या कप्पीपर्यंत. दुसऱ्या बाजूची शीट गुंडाळलेल्या जेनोआच्या पुढून वळसा घालून. मी एकदा कठड्याच्या तारेखालून नेली होती. शीड भरलं आणि तार धनुष्यासारखी वाकली. हॅलियर्डचंही लिहा: ती फोरस्टेच्या (डोलकाठीच्या पुढच्या ताणतारेच्या) पुढून, फर्लरच्या (जेनोआ गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) फिरकीला न घासता वर गेली पाहिजे. नाहीतर जेनोआ गुंडाळताना हॅलियर्डही तिच्याभोवती गुंडाळली जाते, मग ना शीड उघडतं ना मिटतं.

अर्धाखलाशी: हे सगळं घालतो. आणि त्या सॉकला, स्पिनेकर मिटवून ठेवायच्या लांब नळीला? मी 'मोजा' लिहिलंय.

पागोळी: मोजा पायात. 'खोळ' म्हणा.

वल्हं: खोळ बरी. पण खोळ एकदा घातली की तशीच राहते. ही शीड फुगवताना वर ओढायची, मिटवताना खाली.

दोरखंड: म्हणजे बाहीच की. वर सारली, खाली ओढली.

पागोळी: बाहीला हात लागतो. इथे हात कुठला?

शब्दवेडा: शीडच हात.

अर्धाखलाशी: शीटचं राहिलंच.

पागोळी: कोनरज्जू.

दोरखंड: दामण!