ने-वाझाला शेवटची १५ मिनिटंच का?

पांढरापट्टा: आमच्या ज्युदो क्लबात दीड तासाच्या सरावातला सव्वा तास उभ्याने जातो: उचिकोमी (पूर्ण न फेकता फेकीत शिरण्याचा पुनःपुन्हा सराव), फेकी, रांदोरी (मोकळी सराव-लढत). ने-वाझा, म्हणजे जमिनीवरची झुंज, शेवटी, सगळे दमल्यावर. मला हे अजिबात पटत नाही. २० सेकंद दाबून धरलं की इप्पॉन मिळतो, म्हणजे लढत तिथेच जिंकली, मग ते शिकायला वेळ का नाही? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खुल्या गटाच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या खेसिंकने जपानच्या कामिनागाला त्याच्याच देशात हरवलं, ते केसा-गातामे या दाबून धरण्याच्या डावाने. निम्मा वेळ ने-वाझाला हवाच.

जुनागी: पण कामिनागा खाली आला कसा? त्याचा फेकीचा प्रयत्न फसला म्हणून. प्रत्येक लढत उभ्यानेच सुरू होते, आणि जमिनीवर काही घडेना की पंच 'मात्ते' म्हणून दोघांना उठवतो. कुझुशी, म्हणजे समोरच्याचा तोल काढणं, अंगात मुरायला वर्षं लागतात. ने-वाझा त्यामानाने लवकर येतं. ज्युदोचे संस्थापक कानो यांचा भरही आधी उभ्याने शिकण्यावरच होता.

पांढरापट्टा: लवकर येतं, म्हणूनच तर नवख्यांना द्या! जपानमधल्या कोसेन स्पर्धांत विद्यार्थ्यांनी ने-वाझावर जोर दिला तो याचसाठी. हाताशी मोजकीच वर्षं होती. शिवाय उकेमी, म्हणजे इजा न होता पडणं, नीट न आलेल्या माणसाला रोज आपटण्यापेक्षा जमिनीवर झुंजू देणं सुरक्षित.

जुनागी: पडायला शिकायचं तर पडावंच लागेल. ते टाळलं की भीती मनात बसते, आणि घाबरलेला माणूस हात ताठ करून, कंबर मागे काढून उभा राहतो. ती सवय मोडणं महाकठीण.

कासवपकड: तुम्ही दोघं मिनिटं मोजताय, मला सराव कसा होतो याची काळजी आहे. आम्ही ने-वाझा गुडघ्यांवर समोरासमोर बसून सुरू करतो. लढतीत असं कधी होतं का? तिथे अर्धवट फेक होते, समोरचा पालथा पडून अंग आवळून घेतो, आणि त्याला उलटवायला दोन-चार क्षणच मिळतात. आम्ही मात्र फेक झाली की गी (ज्युदोचा पोशाख) सोडून मागे सरतो. फेकलं की पकड न सोडता लगेच दाबायचं, १० सेकंद, मग उठायचं. हे उभ्याच्या सरावातच बसतं.

जुनागी: हे मान्य. उद्यापासून करायला तयार आहे. पण उचिकोमीतलं एक मिनिटही देणार नाही.

पांढरापट्टा: आणि उलटवायचं कसं, हे शिकवणार कधी? पुन्हा त्या शेवटच्या १५ मिनिटांतच?