मदत हवी आहे: मार्क १६ च्या तळटीपेबद्दल तरुण संघातल्या मुलीला काय सांगू?

नमस्कार. मी ऐरोलीत राहतो आणि ठाण्यातल्या एका मराठी मंडळीत गेली नऊ वर्षं तरुण संघाचं काम बघतो. पेशानं अकाउंटंट आहे, धर्मशास्त्र शिकलेलो नाही.

तीन आठवड्यांपूर्वी उपासनेनंतर आमच्या संघातल्या एका बारावीच्या मुलीनं सगळ्यांसमोर विचारलं, "काका, बायबल बदललंय का?" मैत्रिणीनं तिला एक व्हिडिओ दाखवला होता. त्यात म्हटलं होतं की बायबलमध्ये शेकडो वर्षं फेरफार होत आले आणि ३२५ साली नायसियाच्या परिषदेत मतदान घेऊन पुस्तकं निवडली. मी ठणकावून सांगितलं, "एका काना-मात्रेचा फरक नाही." तिनं काही न बोलता मोबाइलवरचं इंग्रजी बायबल माझ्यापुढे धरलं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात आठव्या वचनाखाली टीप होती: सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ९ ते २० ही वचनं नाहीत. मी गप्प झालो. तेवढ्यात मंडळीतले एक ज्येष्ठ म्हणाले की शास्त्रावर शंका घेणं म्हणजे सैतानाला दार उघडणं. त्यानंतर ती आलेली नाही.

त्यांना काय दोष देऊ? खोटं मी बोललो होतो. मुद्दाम नव्हे, पण न वाचता बोललो.

तेव्हापासून रोज ट्रेनमध्ये वाचतोय. नायसियाचं उत्तर सापडलं. ती परिषद मुख्यतः आरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवरून भरली होती, पुत्र हा पित्यासमान आहे की निर्माण केलेला, हा वाद होता. तिथं ठरलेल्या वीस नियमांत पुस्तकांची यादी नाही. नव्या कराराच्या आज आहेत त्या २७ पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते, आणि चार शुभवर्तमानं तर त्याच्या कितीतरी आधीपासून मंडळ्यांमध्ये वाचली जात होती. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांबद्दलही वाचलं. यशयाची तिथली प्रत आधी हाती असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा हजारेक वर्षं जुनी, तरी मजकूर बव्हंशी तोच. मात्र तिथल्याच शमुवेलाच्या एका प्रतीत गल्याथाची उंची सहा हात एक वीत नाही, चार हात एक वीत आहे. म्हणजे "काना-मात्रा" हे माझं वाक्य जुन्या करारातही टिकत नाही.

अडलंय दोन ठिकाणी. मार्कची तळटीप तिला कशी समजावू, की ती आणखी दूर जाणार नाही? आणि लूक २ मधली नावनिशी, म्हणजे येशूच्या जन्माच्या वेळची शिरगणती. येशू ज्याच्या राज्यात जन्मला तो हेरोद राजा इ.स.पू. ४ च्या सुमारास मेला असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि लूक ज्या सुभेदाराचं नाव देतो त्याची नावनिशी पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याच्या हिशेबानं इ.स. ६ ची. लूक तिला "पहिली" नावनिशी म्हणतो, त्या "पहिली"चा अर्थ "त्याआधीची" घ्यावा असं एक स्पष्टीकरण वाचलं, पण मला ते ओढूनताणून वाटतं. जे मलाच पटत नाही ते तिला कसं सांगू? जाणकारांनी कृपया मदत करावी.

नेरूळकर:
मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरात वारी आहे. पण जुन्या पोथ्यांवर थोडं काम केलंय म्हणून लिहितो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले होते, म्हणून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये प्रत शुद्ध केली. त्यामुळे माउलींवरची श्रद्धा ढळली, असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखितं तपासली. १९१९ ला सुरू झालेलं काम १९६६ ला पुरं झालं. प्रती जितक्या जास्त, तितके पाठभेद जास्त, आणि मूळ पाठ शोधायला साधनंही तितकीच जास्त. तुमच्या नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितंच पाच हजारांवर आहेत. त्यातले बहुसंख्य फरक आपल्या ऱ्हस्व-दीर्घासारखे. योहान हे नाव ग्रीकमध्ये एका "न"नं लिहायचं की दोन, असे. ती तळटीप म्हणजे संपादकानं प्रामाणिकपणे मांडलेला हिशेब आहे. तुम्ही अकाउंटंट आहात, तिला तसंच सांगा.

निवृत्त शिक्षिका, कोपरी:
भाऊ, मार्कचं आधी. चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या प्रती, सिनायची आणि व्हॅटिकनची, आठव्या वचनावर थांबतात. पण ९ ते २० सुद्धा जुनीच आहेत. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इरेनियस हा बिशप त्यातलं १९ वं वचन मार्कचं म्हणून देतो. ती मार्कनं लिहिली नसावीत असं बहुतेक अभ्यासक म्हणतात, आणि मलाही तसंच वाटतं.

त्या वचनांत उठलेला येशू शिष्यांना दिसतो. म्हणून तिच्या मनातला खरा प्रश्न असणार, मग पुनरुत्थानही मागून जोडलं का? तिला आधीची आठ वचनं मोठ्यानं वाचायला सांगा. रिकामी कबर तिथं आहे, "तो उठला आहे" तिथंच आहे. मग १ करिंथ १५ काढा. पौलानं ते पत्र साधारण इ.स. ५५ च्या सुमारास लिहिलं, बहुतेकांच्या मते मार्कच्याही आधी. आणि तो म्हणतो, मला जे मिळालं ते मी तुम्हांला दिलं. उठलेला ख्रिस्त कुणाला दिसला ते तो सांगतो: केफा म्हणजे पेत्र, बारा जण, पाचशेंहून अधिक बंधू. सगळा भार त्या बारा वचनांवर नाहीच.

नावनिशीचं मात्र सरळ सांगा की हा पेच सुटलेला नाही. तीसेक वर्षं शब्बाथ शाळा घेतली, मलाही सुटलेला नाही, आणि माझा विश्वास त्यावर टांगलेला नाही. शंकेचं पाप वाटत असेल तर पंडिता रमाबाई आठवा. बायबल मराठीत आणायला त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकपर्यंत गेल्या.

आणि एक. चुकीचं वाक्य तुम्ही संघासमोर बोललात. ते मागेही संघासमोरच घ्या.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. काल तिला मेसेज केला, फक्त एवढाच: "तुझी तळटीप बरोबर होती, मी चुकलो." संध्याकाळी ती आईबरोबर तलावपाळीला भेटली. तासभर बोललो, नावनिशीचंही सांगितलं. रविवारी संघात आधी माफी मागणार आहे, मग ती मार्क १६ वाचेल. निघताना तिनं विचारलं, योहान ८ मधल्या त्या व्यभिचारी स्त्रीच्या गोष्टीखालीही अशीच टीप आहे का? आहे. त्याच्या पुढच्या रविवारी ते घेऊ. त्याबद्दल कुणाला नीट माहिती असेल तर इथंच लिहा.