मदत हवी आहे: स्वस्तातली रंगीत फिल्म, कलरप्लस २०० परत घेऊ की नको?

घाटमाथा
शनिवारी भंडारदऱ्याला निघतोय आणि फिल्म आजच मागवायला हवी, म्हणून थेट विचारतो. झाडं, रस्ते, बाजार, डोंगर, भेटतील ती माणसं, असे रोजचे बाहेरचे फोटो काढायचेत. कोडॅक कलरप्लस २०० चा पहिला रोल धुऊन आला. कडक उन्हातले फोटो छान आहेत. ढगाळ दिवसाचे आणि झाडाखालचे मात्र सगळे मातकट आलेत. काळं असायला हवं तिथे राखाडी, हिरवा रंग मेलेला, ग्रेन (फोटोवरचे दाणे) भरपूर. स्वस्त फिल्म म्हटली की हे असंच, की गोल्ड २०० घेतली तर फरक पडेल? महागडी फिल्म परवडणार नाही, कृपया ती सुचवू नका.

वसुधा_ठाणे
कॅमेरा कोणता? उजेड मोजणारं मीटर आहे का? एएसए (फिल्मची उजेडाची संवेदनशीलता, कलरप्लसचे ते २००) किती लावला होता? रोल कुठे धुतला? प्रिंट पाहताय की स्कॅन? एवढं कळल्याशिवाय फिल्मला दोष देता येत नाही.

रीळवाला
कोडॅकची प्रो इमेज १०० घ्या. १९९७ साली आली, आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेचा विचार करून काढलेली फिल्म आहे. फ्रीजबाहेर राहिली तरी चालते. चेहऱ्याचे रंग इतके सुरेख येतात की लग्नाच्या ऑर्डरींना मी दुसरी फिल्म हातात धरत नव्हतो.

पिंगळा
रीळवाला, त्यांची अडचण कमी उजेडातली आहे. २०० वरून १०० वर आणलंत तर आणखी एक स्टॉप गेला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). शिवाय ती महाग पडते.

घाटमाथा
@वसुधा_ठाणे कॅमेरा काकांचा आहे, जुना असला तरी व्यवस्थित चालतो. एएसए २०० वरच होता. रोल ताजा होता, एक्स्पायरीला वेळ आहे. लॅब पुण्यातलीच, स्कॅन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. मुद्दा फिल्मचा आहे.

सुहास_नगर
विमानतळावर एक्स-रे मशीनमधून गेला होता का रोल? हल्ली नवी सीटी स्कॅनर आलीत, ती फिल्मला वाईट. हातात द्या आणि डोळ्यांनी तपासायला सांगा.

घाटमाथा
मी एसटीने फिरतो.

वसुधा_ठाणे
व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या स्कॅनवरून फिल्म जोखू नका. रंगीत निगेटिव्हला स्वतःचा ठरलेला रंग नसतो. निगेटिव्हवरची ती नारिंगी छटा काढून कोणता रंग द्यायचा हे स्कॅनर आणि तो चालवणारा माणूस ठरवतो. पातळ, म्हणजे कमी उजेड पडल्याने फिकट, निगेटिव्ह आली की मशीन ती ओढूनताणून उजळ करतं. त्यातूनच राखाडी सावल्या आणि ग्रेन वर येतो.

निगेटिव्ह परत घेतल्या असतील तर आत्ता काढा. फोनच्या स्क्रीनवर कोरा पांढरा रंग लावा आणि पट्टी वर धरा. कडेला फिल्मचं नाव आणि आकडे असतात. ते कारखान्यातच उमटवलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. ते ठसठशीत आहेत की फिके? आणि बिघडलेल्या फ्रेम दाट आहेत की जवळजवळ पारदर्शक? मग कॅमेऱ्याचं नाव सांगा.

तळटीप
लेन्सला बुरशी असणार, खात्रीने सांगते. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या कॅमेऱ्यांचं हेच होतं. कॅमेरा 'बी' खुणेवर ठेवून शटर उघडं धरा आणि मागून टॉर्च मारा, जाळं दिसेल.

पिंगळा
बुरशी असती तर कडक उन्हातही फोटो धुरकट आले असते. त्यांचे उन्हातले चांगले आहेत.

तळटीप
उन्हात लेन्सचं छिद्र बारीक असतं, त्यामुळे बुरशी कमी जाणवते. माझ्या मामांच्या कॅमेऱ्यात अगदी असंच होतं.

पिंगळा
मान्य, तपासायला हरकत नाही. पण बुरशीने निगेटिव्ह पातळ होत नाही, कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला फरक) जातो. आधी त्यांना निगेटिव्ह पाहू द्या.

नदीकाठ
अवांतर: फिल्म म्हटलं की ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची आठवण येते. १९६० साली सुरू झालेली सरकारी कंपनी. त्यांची 'इंदू' कृष्णधवल फिल्म आमच्या शाळेच्या ग्रुप फोटोंना असायची. आपल्या देशात फिल्म बनत होती, हे आज सांगूनही पोरांना पटत नाही.

सुहास_नगर
+१. कृष्णधवलच करा. डी-७६ हे धुण्याचं रसायन आणून घरच्या न्हाणीघरात धुता येतं. रंगीतसाठी सी-४१ ही प्रक्रिया लागते, डेव्हलपर ३७.८ अंशांवर धरून ठेवावा लागतो, सव्वातीन मिनिटांत काम. जरा इकडेतिकडे झालं की रंग गेले.

घाटमाथा
मला रंगीत हवेत. भंडारदऱ्याचं श्रावणातलं हिरवं कृष्णधवलात काय करू?

निगेटिव्ह पाहिल्या. कडेची अक्षरं गडद आणि स्वच्छ आहेत. उन्हातल्या फ्रेम दाट, ढगाळ आणि झाडाखालच्या अगदी पातळ, सावलीच्या जागी काहीच नाही. कॅमेरा कॅनोनेट क्यूएल १७, ऑटोवर. सेल घड्याळवाल्याकडून नवीन टाकून घेतला होता. आता फिल्मचं सांगता का?

वसुधा_ठाणे
सांगते. अक्षरं गडद म्हणजे लॅबने रोल नीट धुतला आणि फिल्मही ठणठणीत. फ्रेम पातळ म्हणजे उजेड कमी पोचला. कलरप्लस निर्दोष आहे.

कारण तो सेल असावा. या कॅमेऱ्याचं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी आहे, तो आता बनत नाही. घड्याळवाला अल्कलाइन देतो, तो दीड व्होल्टचा. जादा व्होल्टमुळे मीटरला उजेड आहे त्याहून जास्त वाटतो आणि ते छिद्र लहान करतं. उन्हात रंगीत निगेटिव्ह फिल्म तेवढी चूक पोटात घालते. ढगाळ हवेत आणि झाडाखाली, जिथे आधीच सावल्या जास्त, तिथे उघडी पडते.

श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घ्या, १.४ व्होल्टचा, औषधाच्या दुकानात मिळतो. आकाराने लहान आहे, भोवती रबरी रिंग लागेल. चिकटपट्टी काढली की काही महिन्यांत संपतो, म्हणून जोडीला एक ठेवा.

रीळवाला
सेलच्या भानगडीत कशाला पडायचं? एएसएची तबकडी १०० वर ठेवा, एक स्टॉप जादा मिळतो. स्टुडिओत आम्ही कायम असंच केलं. निगेटिव्ह दाट असेल तर प्रिंट कधी फसत नाही.

पिंगळा
दाट निगेटिव्हचं अगदी खरं. पण अल्कलाइन सेलचा व्होल्टेज वापराबरोबर उतरत जातो, त्यामुळे आज एक स्टॉपची चूक असेल तर महिन्याने वेगळी असेल. चुकीच्या मीटरवर ठोकताळा बसवण्यापेक्षा मीटर सरळ करावं. गोल्ड २०० साठी कोडॅकच दोन स्टॉप कमी ते तीन स्टॉप जास्त इतकी मोकळीक सांगते. जास्तीकडे जागा आहे, कमीकडे तेवढी नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

रीळवाला
मोकळीक कागदावर असते हो. दोन स्टॉप कमी पडलेल्या निगेटिव्हची प्रिंट गिऱ्हाइकाला देऊन बघा.

पिंगळा
म्हणूनच तर म्हणतोय.

घाटमाथा
म्हणजे गोल्डची गरज नाही?

वसुधा_ठाणे
गोल्डचा ग्रेन थोडा बारीक आहे, पिवळा-केशरी झाक जास्त गोड. कलरप्लसचे रंग जरा जुन्या वळणाचे, सौम्य. मला बाजारात, भिंतींवर, मातीवर कलरप्लस आवडते. ४ बाय ६ च्या प्रिंटमध्ये दोन्हीतला फरक शोधावा लागतो. एक्स्पोजरच्या, म्हणजे फिल्मवर पडणाऱ्या उजेडाच्या, एका स्टॉपने पडणारा फरक कुणालाही दिसेल.

फिल्म खरंच जोखायची असेल तर एकाच जागेचे चार फोटो काढा: एक स्टॉप कमी, बरोबर, एक जास्त, दोन जास्त. चौकटीत एखादा चेहरा आणि पांढरा सदरा असू द्या. वहीत लिहून ठेवा.

भंडारदऱ्याला धुकं असेल. धुकं पांढरं असल्यामुळे चांगलं मीटरही फसतं, तेव्हा तिथे एक स्टॉप उघडाच. सेल मिळाला नाही तर मॅन्युअलवर काढा: शटर १/२५० सेकंदावर ठेवून स्वच्छ उन्हात एफ १६ (हा छिद्राचा आकडा, आकडा मोठा तितकं छिद्र लहान), ढगाळ असेल तर एफ ८, दाट ढगात एफ ५.६. गर्द झाडीत १/६० आणि एफ ४ पासून सुरुवात करा.

तळटीप
आणि लेन्स बघाच एकदा टॉर्चने.

घाटमाथा
फोनमधल्या मीटर अ‍ॅपशी ताडून पाहिलं. अंगणातल्या सावलीत १/२५० ला अ‍ॅप एफ ५.६ म्हणतं, कॅमेऱ्याचा काटा ८ आणि ११ च्या मध्ये. लेन्स स्वच्छ आहे, टॉर्च मारून पाहिली. कलरप्लसच मागवली. ६७५ सेल इथल्या औषधाच्या दुकानात मिळाला, रिंग नळाच्या वायसरची चालेल का?

वसुधा_ठाणे
चालेल, फक्त सेलच्या भोकांवर रबर येऊ देऊ नका, त्याला हवा लागते. बसवल्यावर अ‍ॅपशी पुन्हा ताडा. रोल त्याच लॅबमध्ये द्या, म्हणजे तुलना होईल. स्कॅन मेलवर पूर्ण आकाराचे मागा.

नदीकाठ
वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्याकडे वडिलांचा यशिका इलेक्ट्रो ३५ आहे, त्याला कुठला सेल लागतो?

पिंगळा
त्याचं वेगळं आहे, ५.६ व्होल्टचा लागायचा. नवा धागा काढा, सविस्तर लिहितो.