मेणबत्ती जळणे हा भौतिक बदल की रासायनिक?

सातवी_ब
परवापासून डोक्यात घोळ झालाय, कोणीतरी नीट सांगा. चाचणीत मेणबत्ती जळणे हा कोणता बदल असं विचारलं होतं, मी भौतिक लिहिलं कारण मेण वितळतं, ओघळतं आणि खाली जाऊन परत घट्ट होतं, म्हणजे मेण मेणच राहिलं ना. मार्क गेला. बाई म्हणाल्या रासायनिक, मैत्रीण म्हणते दोन्ही. पण मेण नुसतं वितळत असेल तर मेणबत्ती संपते कशी, खाली साचलेलं मेण तर एवढुसं असतं, बाकीचं जातं कुठे? आणि जळते ती वात की मेण? अजून एक, वहीत लिहिलंय की जो बदल उलटा करता येत नाही तो रासायनिक, मग काच फुटली तर ती कुठे परत जुळते?

चुन्याची_निवळी
मैत्रिणीचं बरोबर आहे, आणि तू जे पाहिलंस तेही खरंच आहे, फक्त ते अर्धं आहे.

मेण साधारण 50-60 अंश सेल्सिअसला वितळतं, हा भौतिक बदल, इथपर्यंत तुझं उत्तर. ते पातळ मेण वातीच्या धाग्यांमधून वर चढतं, टिपकागदात शाई चढते तसं, आणि ज्योतीजवळ पोचलं की तिथल्या उष्णतेने त्याची वाफ होते. हाही भौतिकच बदल, कारण वाफ झाली तरी रेणू मेणाचेच. पुढे त्या वाफेला हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि ती जळते, मेणातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचं पाणी होतं. इथे मेण संपलं, कितीही थंड केलंस तरी त्या वायूंतून मेण परत मिळणार नाही. म्हणून प्रश्नात "जळणे" असेल तर रासायनिक लिहायचंच, आणि जागा असेल तर वितळणं आणि वाफ होणं भौतिक हेही लिहायचं. वात थोडीफार जळते पण तिचं खरं काम मेण वर आणून द्यायचं.

वाफच जळते हे डोळ्यांनी बघता येतं. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घे, मेणबत्ती दोन-तीन मिनिटं नीट जळू दे, मग हळूच फुंकर मारून विझव, वातीतून पांढरट धुराची रेघ वर जाईल. लगेच पेटती काडी त्या धुरात धर, वातीला न टेकवता, दोन-तीन सेंटिमीटर वर. ज्योत धुरावरून खाली उतरते आणि वात पेटते. तो पांढरा धूर म्हणजे मेणाची वाफ थंड होऊन झालेले बारीक कण. मला स्वतःला हा प्रयोग कितीदाही करावासा वाटतो.

वजनकाटा
बाकीचं मेण जातं कुठे, हा यातला सगळ्यात भारी प्रश्न आहे. मेणात वेगवेगळ्या लांबीचे रेणू असतात, हिशोबाला एक घेऊ, 25 कार्बन आणि 52 हायड्रोजन असलेला. असं 352 ग्रॅम मेण पूर्ण जळायला 1216 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि त्यातून 1100 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि 468 ग्रॅम पाणी बनतं. दोन्हीकडची बेरीज करून बघ, 1568 येते. म्हणजे 1 ग्रॅम मेण जळलं की जवळजवळ साडेचार ग्रॅम माल हवेत जातो, आपल्याला दिसत नाही म्हणून मेणबत्ती नाहीशी झाली असं वाटतं. अठराव्या शतकात लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कथील बंद भांड्यात तापवून वजनं केली तेव्हा हेच दिसलं, भांडं उघडेपर्यंत एकूण वजन बदललं नाही.

मोरचूद
वहीतल्या त्या वाक्याबद्दल बोलतो, कारण त्या एका वाक्याने खूप मुलांचा गोंधळ होतो. उलटा होतो की नाही यावरून ठरवायचंच नाही. काच फुटली तर तुकडा काचेचाच असतो, आतला पदार्थ तोच, म्हणून भौतिक. उलट निळा मोरचूद परीक्षानळीत तापवला की त्यातलं पाणी निघून जातं आणि तो पांढरा पडतो, थंड झाल्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले की परत निळा. हा बदल पुस्तकात रासायनिकच धरतात, आणि उलटा झाला की नाही? विचारायचं एवढंच, की बदलानंतर कण तेच आहेत की नवीन पदार्थ तयार झाला.

बुडबुड्यांवरूनही फसायला होतं. पाणी उकळताना येणारे मोठे बुडबुडे पाण्याच्या वाफेचे असतात, पाणी फुटून हायड्रोजन-ऑक्सिजन झाले असं बरेच जण लिहितात ते चूक, नुसत्या उष्णतेने पाण्याचे रेणू फोडायला 2000 अंशांच्या वर जावं लागतं.

सातवी_ब
मग मीठ पाण्यात विरघळणं? चव राहते पण मीठ दिसत नाही.

मोरचूद
शाळेत भौतिक लिही, पाणी आटवलं की मीठ परत मिळतं. पण खरं सांगायचं तर इथे रेघ पुसट आहे. मिठाच्या खड्यात सोडिअम आणि क्लोरिनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, एकमेकांना धरून असतात, पाण्यात ते सुटे होतात आणि प्रत्येकाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात, त्यामुळे यावर जाणकारांचंही एकमत नसतं.

सातवी_ब
धुराचा प्रयोग केला!! ताई सोबत होती. आधी दोनदा जमला नाही, मग पंखा बंद केला आणि ज्योत खरंच वरून खाली उतरली. जळताना पाणी बनतं म्हणालात म्हणून ज्योतीत चमचा पण धरला, पण तो नुसता काळा झाला, पाणी दिसलं नाही.

चुन्याची_निवळी
चमचा पिवळ्या भागात गेला. तिथे न जळलेल्या कार्बनचे कण तापून चमकत असतात, ज्योत पिवळी दिसते ती त्यांच्यामुळेच, आणि थंड चमच्यावर तेच काजळी होऊन बसले. आता स्टीलचा कोरडा ग्लास थंड करून घे, आतून-बाहेरून कोरडा पुसलेला, आणि ज्योतीच्या बराच वर उपडा धर, चार-पाच सेकंदच. आतल्या बाजूला बोट फिरवून बघ, दव लागेल. ग्लास तापायच्या आत बघायचं, नाहीतर ते उडून जातं.