मदत हवी आहे : मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीत गुठळ्यांचा धोका कसा ठरवतात?

नमस्कार. माझ्या मोठ्या भावाला (वय 46) मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी (मूत्रपिंडाच्या गाळण्यांचा आजार) आहे. पीएलएटूआर अँटिबॉडी (या आजारात रक्तात सापडणारी) पॉझिटिव्ह, बायोप्सी झाली आहे. दिवसाला 9 ग्रॅम प्रथिनं लघवीतून जातात. रक्तातलं अल्ब्युमिन (मुख्य प्रथिन) दोन महिन्यांपूर्वी 2.9 ग्रॅम/डेसीलिटर होतं, आता 2.4 आहे.

डॉक्टरांनी नीट समजावलं. अल्ब्युमिनबरोबर रक्त गोठू न देणारं अँटिथ्रॉम्बिनही लघवीतून वाहून जातं, आणि तूट भरून काढायला धडपडणारं यकृत फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) जास्त बनवतं. त्यामुळे पायात, मूत्रपिंडाच्या शिरेत, फुप्फुसात गुठळी होऊ शकते. नेफ्रोटिक (लघवीतून खूप प्रथिनं जाणाऱ्या) आजारांमध्ये मेम्ब्रेनसमध्ये हा धोका सगळ्यात जास्त, हे ऐकल्यापासून दादाच्या पोटरीत जरा दुखलं तरी माझा जीव खालीवर होतो.

रक्त पातळ करणारी गोळी सुरू करायची की थांबायचं, हे पुढच्या भेटीत ठरेल. अल्ब्युमिन 2.5 च्या खाली गेलं की विचार करतात, असं कळलं. पण हा आकडा बीसीजी या अल्ब्युमिन मोजायच्या पद्धतीचा. बीसीपी या दुसऱ्या पद्धतीने मोजलं तर तोच साधारण 2.0 येतो. आमचे दोन रिपोर्ट दोन वेगवेगळ्या लॅबचे आहेत, आणि पद्धत कुठेच लिहिलेली नाही!

कुणाच्या घरी हा आजार आहे का? तुमच्या डॉक्टरांनी रक्तस्रावाचा धोका कशावरून पाहिला? वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) स्थिर राहिला का? औषध सुचवू नका, ते डॉक्टरच ठरवतील. त्यांना काय काय विचारायचं, तेवढं सांगा. भेट गुरुवारी आहे.